मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को: अंतर नेमके किती, आणि कोल्हापुरातून निघाल्यापासून किती तास धरावेत?

राजारामपुरीकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. माझे आई-वडील येत्या जानेवारीत प्रथमच अमेरिकेला, माझ्या बहिणीकडे जाणार आहेत. ती सॅन होजे येथे राहते आणि तिला सॅन फ्रान्सिस्कोचा विमानतळ सोयीचा पडतो. तिकीट अद्याप काढलेले नाही, कारण चौकशी करू लागल्यापासून प्रत्येक ठिकाणी वेगळाच आकडा ऐकायला मिळतो आहे. एका संकेतस्थळावर मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को हे अंतर सुमारे १३,५०० किलोमीटर दाखवतात, दुबईमार्गे गेल्यास बेरीज १५,००० च्या आसपास जाते आणि सिंगापूरमार्गे तीच १७,५०० होते. विमान तर आकाशातून जाते, तिथे ना घाट ना वळण, मग सरळ अंतरापेक्षा प्रत्यक्ष प्रवास एवढा लांब का व्हावा, हे मला उमगलेले नाही.

वेळेचा घोळ त्याहून मोठा आहे. येथील एका एजंटाने दाखवलेल्या नमुन्यात विमान शनिवारी पहाटे २ वाजता मुंबईहून सुटते आणि शनिवारीच सकाळी १०.३० वाजता सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचते. वडिलांनी वजाबाकी करून साडेआठ तासांचा प्रवास असे ठरवले आणि ते सोसायटीत सर्वांना सांगूनही टाकले. एजंट मात्र २२ तास म्हणतो. वडिलांना इन्सुलिन आणि इतर काही औषधे ठरावीक तासांच्या अंतराने घ्यावी लागतात, त्यामुळे माझी चौकशी केवळ कुतूहलापोटी नाही. कोल्हापुरातील घराचे दार लावल्यापासून बहिणीच्या दारात पोहोचेपर्यंत खरोखर किती तास लागतात आणि ते कसे मोजावेत, हे कोणी नीट समजावून सांगेल का?

भूगोलाचे मास्तर

आपल्या प्रश्नाचे दोन भाग आहेत आणि ते एकत्र केल्यामुळेच गोंधळ वाढतो आहे. मी अंतरापुरते लिहितो, वेळेविषयी अधिक जाणकार मंडळी लिहितील.

संकेतस्थळावर दिसणारा १३,५०० चा आकडा बरोबर आहे. मात्र तो कोणत्याही विमानाने कापलेला मार्ग नसून, पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावर त्या दोन बिंदूंना जोडणाऱ्या सर्वांत लहान रेषेची ती लांबी आहे. या रेषेला आपण भूगोलात बृहत् वृत्ताचा भाग म्हणतो. दोन ठिकाणांचे अक्षांश-रेखांश ठाऊक असले की ती गणिताने निघते.

जवळच्या ठिकाणांसाठी हे गणित वहीच्या पानावरही करता येते. कोल्हापूरचा म्हणजे उजळाईवाडीचा आपला विमानतळ साधारण १६.६६ उत्तर अक्षांश आणि ७४.२९ पूर्व रेखांशावर आहे, तर मुंबईचा सहार-सांताक्रूझचा विमानतळ १९.०९ आणि ७२.८७ वर. अक्षांशांतील फरक २.४३ अंश. एक अक्षांश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, म्हणून उत्तर-दक्षिण अंतर झाले जवळपास २७० किलोमीटर. रेखांशांतील फरक १.४२ अंश. विषुववृत्तापासून दूर जाऊ तशी रेखावृत्ते एकमेकांजवळ येतात, त्यामुळे आपल्या भागात एक रेखांश सुमारे १०६ किलोमीटरचा भरतो आणि पूर्व-पश्चिम अंतर १५० च्या घरात येते. आता पायथागोरसचा नियम लावला की उत्तर ३०९ किलोमीटर मिळते. रस्त्याने हेच अंतर पावणेचारशेच्या पुढे जाते, हे आपण सर्वच जाणतो. मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को या अंतराला मात्र हा सपाट कागदाचा हिशेब चालत नाही, तेथे गोलीय त्रिकोणमिती लागते, कारण पृथ्वीची वक्रता दुर्लक्ष करण्याजोगी राहत नाही.

ज्यांना त्रिकोणमितीचा कंटाळा आहे त्यांनी शाळेतला पृथ्वीगोल आणि एक दोरा घ्यावा. गोलाचा व्यास ३० सेंटीमीटर असेल तर त्याचा परीघ सुमारे ९४ सेंटीमीटर होतो आणि पृथ्वीचा परीघ साधारण ४०,००० किलोमीटर आहे, म्हणजे दोऱ्याचा एक सेंटीमीटर सुमारे ४२५ किलोमीटरचा. दोऱ्याचे एक टोक मुंबईवर दाबून धरावे, दुसरे सॅन फ्रान्सिस्कोवर, आणि दोरा ताणावा. तो ३२ सेंटीमीटरच्या आसपास भरेल. परंतु लांबीपेक्षाही त्याची दिशा पाहण्यासारखी आहे: तो युरोपवरूनही जात नाही आणि जपानवरूनही जात नाही. मुंबईतून तो जवळजवळ उत्तरेकडे, किंचित पूर्वेला कलून निघतो, हिमालय ओलांडतो, सैबेरियावरून ७६ अंश उत्तर अक्षांशाच्याही पुढे आर्क्टिक महासागरावर जातो आणि मग अलास्का-कॅनडाच्या बाजूने खाली उतरतो. वर्गातल्या भिंतीवरच्या नकाशात हे दिसणारच नाही. जगाचे बरेचसे नकाशे ज्या मर्केटर प्रक्षेपणावर (गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याच्या एका रीतीवर) बेतलेले आहेत, ते १५६९ साली समुद्रावरील खलाशांच्या सोयीसाठी तयार झाले आणि त्यात ध्रुवाकडचा प्रदेश अवास्तव ताणला जातो. तशा नकाशावर पट्टी ठेवून आखलेली रेषा सरळ दिसली तरी ती सर्वांत जवळची नसते.

जाता जाता आणखी एक. पृथ्वीवर कोणतीही दोन ठिकाणे एकमेकांपासून २०,००० किलोमीटरहून फारशी दूर असूच शकत नाहीत, कारण त्यापलीकडे गेले की उलट बाजूने येणे जवळ पडते. त्या मानाने आपल्या आई-वडिलांचा प्रवास जगातील सर्वांत लांब अंतराच्या दोन तृतीयांशाएवढा म्हणायला हरकत नाही.

उड्डाणवेडा कागलकर

मास्तरांनी दोरा ताणून दाखवला, पण विमान त्या दोऱ्यावरून का जात नाही हा मुख्य प्रश्न राहिला आहे.

पहिला अडसर हिमालय आणि तिबेटच्या पठाराचा. विमान ११ किलोमीटर उंचीवरून जाते आणि एव्हरेस्टही ९ किलोमीटरच्या आत आहे, तेव्हा आदळण्याची भीती नसते. भीती वेगळीच आहे. केबिनमधील हवेचा दाब अचानक गेला तर वैमानिकाला विमान तातडीने सुमारे १०,००० फुटांपर्यंत, म्हणजे ३ किलोमीटरपर्यंत खाली आणावे लागते, कारण प्रवाशांच्या डोक्यावरचे ऑक्सिजन मास्क मर्यादित वेळच पुरतात. तिबेटचे पठारच सरासरी साडेचार किलोमीटर उंच आहे, मग खाली उतरणार कोठे? म्हणून बहुतेक विमाने त्या भागाला वळसा घालतात.

दुसरा अडसर माणसांनी निर्माण केलेला आहे. आकाशालाही सरहद्दी असतात आणि त्या बंद होतात. फेब्रुवारी २०१९ मध्ये बालाकोटनंतर पाकिस्तानने आपले आकाश बंद केले ते जुलैमध्ये उघडले, आणि एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमान कंपन्यांसाठी ते पुन्हा बंद झाले. २०२२ पासून अमेरिकन आणि युरोपीय कंपन्यांना रशियावरून उडता येत नाही. परिणामी त्याच दोन शहरांमध्ये दोन वेगळ्या देशांच्या कंपन्यांची विमाने वेगळ्या वाटेने जातात आणि एकीला दुसरीपेक्षा अधिक इंधन व अधिक तास लागतात. काही वेळा तर थेट म्हणून विकलेल्या उड्डाणालाही इंधनासाठी मध्ये थांबावे लागते. जून २०२३ मध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेले एअर इंडियाचे विमान इंजिनातील बिघाडामुळे रशियाच्या अतिपूर्वेला मगादान येथे उतरवावे लागले होते. ते गाव नकाशावर शोधले तर या मार्गावरची विमाने कोठकोठून जातात याची कल्पना येते.

तिसरी गोष्ट वाऱ्याची, आणि माझ्या मते वेळेच्या हिशेबात सर्वांत वजनदार तीच. मोठी प्रवासी विमाने स्थिर हवेत ताशी साधारण ९०० किलोमीटर वेगाने जातात. १३,५०० ला ९०० ने भागले की बरोबर १५ तास येतात, आणि संकेतस्थळे बहुधा एवढेच करून त्यात उड्डाण-अवतरणाची थोडी मिनिटे मिळवतात. प्रत्यक्षात ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जेट प्रवाह असतात, ज्यांचा वेग हिवाळ्यात ताशी २०० किलोमीटरच्याही पुढे जातो. सरासरी १०० किलोमीटरचा वारा पाठीमागून मिळाला तर तेच अंतर साडेतेरा तासांत कापले जाते आणि तेवढाच वारा समोरून आला तर जवळपास १७ तास लागतात. मार्ग ठरवणारे लोक म्हणून किलोमीटर मोजत बसत नाहीत, वारा पाहतात.

याचे उत्तम उदाहरण याच शहराचे आहे. एअर इंडियाचे दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून जात असे आणि तो मार्ग सुमारे १३,९०० किलोमीटरचा पडे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते प्रथमच पॅसिफिकवरून नेले. अंतर वाढून १५,३०० किलोमीटर झाले, तरी पाठीवरच्या वाऱ्यामुळे प्रवास साधारण साडेचौदा तासांत उरकला, म्हणजे पूर्वीपेक्षा जवळजवळ दोन तास कमी. उलट जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अग्रवाल यांच्या नेतृत्वाखाली सर्व महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्को ते बेंगळुरू हे विमान उत्तर ध्रुवावरून आणले. सुमारे १४,००० किलोमीटरच्या त्या प्रवासाला १७ तास लागले. लांबचा मार्ग लवकर आणि जवळचा उशिरा असा उफराटा प्रकार येथे नेहमीचा आहे.

दुबई, सिंगापूर किंवा फ्रँकफर्टमार्गे जाताना अंतर वाढते ते साधे आहे: आपण एक कोपरा जोडतो. मुंबई-दुबई सुमारे १,९३० आणि तेथून सॅन फ्रान्सिस्को सुमारे १३,०००. फ्रँकफर्टमार्गे ६,५७० अधिक ९,१४०, म्हणजे १५,७००. सिंगापूर तर दक्षिणेला विषुववृत्ताजवळ आहे, म्हणून आधी ३,९०० किलोमीटर आग्नेयेला जाऊन मग १३,६०० किलोमीटर ईशान्येला परतावे लागते. मात्र यातील एकाही बेरजेवरून वेळ ठरवू नका. मधल्या विमानतळावरचा थांबा दीड तासाचा आहे की नऊ तासांचा, यावर सगळे अवलंबून असते.

रंकाळा पूर्व

एक शंका. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते आणि आपल्या कोल्हापूरच्या अक्षांशावर तो वेग ताशी सुमारे १,६०० किलोमीटर आहे असे वाचले होते. मग पश्चिमेकडे निघालेल्या विमानाच्या दिशेने गंतव्य शहर स्वतःच धावत यायला हवे. पश्चिमेला जाताना वेळ कमी लागायला हवा, पण लागतो जास्त. असे का?

भूगोलाचे मास्तर

वेग आपण बरोबर सांगितलात, परंतु जमिनीबरोबर वातावरणही फिरत असते आणि विमान त्या वातावरणातच उडते. उजळाईवाडीच्या धावपट्टीवर उभे असलेले विमानही त्याच ताशी १,६०० किलोमीटरने पूर्वेकडे जात असते, उडाल्यावर तो वेग ते टाकून देत नाही. शहर विमानाकडे धावत येत नाही ते याच कारणाने. पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम होतो तो आडवळणाने: विषुववृत्त आणि ध्रुव यांच्या तापमानातील तफावतीमुळे हवा ध्रुवाकडे सरकते, पृथ्वीच्या परिवलनामुळे ती पूर्वेकडे वळते आणि त्यातूनच कागलकरांनी सांगितलेले जेट प्रवाह तयार होतात. म्हणजे पृथ्वीचे फिरणे पूर्वेकडे जाणाऱ्यालाच मदत करते. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्यावर स्वार होऊन न्यूयॉर्कहून निघालेले ब्रिटिश एअरवेजचे जंबो जेट ५ तासांच्या आत लंडनला पोहोचले होते. उलट दिशेने तोच प्रवास सात-आठ तासांचा असतो.

साळोखेनगरच्या काकू

राजारामपुरीकर, आपल्या वडिलांचे साडेआठ तास वाचून हसू आले, पण ही वजाबाकी आमच्या घरातही झालेली आहे. तिकिटावर निघण्याची वेळ निघण्याच्या गावची आणि पोहोचण्याची वेळ पोहोचण्याच्या गावची छापतात. जानेवारीत सॅन फ्रान्सिस्कोचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागे असते. साडेआठ अधिक साडेतेरा, बावीस. एजंटाचा आकडा बरोबर आहे. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत तिकडे घड्याळ एक तास पुढे करतात, तेव्हा फरक साडेबारा तासांचा होतो. आई-वडील एप्रिल-मेमध्ये परतणार असतील तर तो हिशेब वेगळा करावा लागेल, हे आताच लिहून ठेवा. तिकीट शोधताना किलोमीटरकडे पाहूच नका. प्रत्येक पर्यायाखाली एकूण कालावधी तास-मिनिटांत लिहिलेला असतो, त्यात मधला थांबाही धरलेला असतो. आपल्याला उपयोगी आकडा तेवढाच.

औषधांविषयी आमच्या डॉक्टरांनी दिलेली रीत सांगते, परंतु आपण आपल्या डॉक्टरांकडून तासांनुसार वेळापत्रक लिहून घ्यावेच, कारण इन्सुलिनचे प्रकार वेगवेगळे असतात. यजमानांच्या मनगटावर आम्ही साधे काट्यांचे घड्याळ बांधले आणि ते उतरेपर्यंत भारतीय वेळेवरच ठेवले. मोबाईल विमानतळावर पोहोचताच आपोआप तेथील वेळ दाखवू लागतो आणि मग मागची मात्रा कधी घेतली हे बोटांवर मोजत बसावे लागते. एका कार्डावर भारतीय वेळेनुसार औषधांची नावे लिहून ते कार्ड खिशात ठेवले होते. इन्सुलिन हातातल्या बॅगेतच ठेवावे. चेक-इन केलेल्या सामानात ते गोठण्याची शक्यता असते आणि बॅग हरवली तर पंचाईत वेगळीच. सोबत डॉक्टरांची इंग्रजीतील चिठ्ठी असावी.

आता घरापासूनचा हिशेब. आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी तीन तास आधी पोहोचायचे, म्हणजे पहाटे २ च्या विमानासाठी रात्री ११ ला विमानतळावर. कोल्हापूर-मुंबई मोटारीने सात-आठ तास सांगतात, पण महामार्गाच्या रुंदीकरणाची कामे, खंबाटकी घाट आणि मुंबईत शिरतानाची कोंडी पाहता मी दहा तास धरीन आणि दुपारी एकच्या आत तावडे हॉटेलचा चौक ओलांडून कोल्हापूरबाहेर पडेन. महालक्ष्मी एक्सप्रेसने गेल्यास सकाळी मुंबईत पोहोचून दिवसभर कोणाकडे तरी विसावा घेता येतो. वयस्कर माणसांना हे मला अधिक बरे वाटते. उजळाईवाडीहून मुंबईचे विमान तासाभराचे आहे आणि मोहही होतो. मात्र ते तिकीट वेगळे काढले असेल आणि ते विमान उशिरा सुटले वा रद्द झाले तर पुढची आंतरराष्ट्रीय कंपनी जबाबदारी घेत नाही. शिवाय देशांतर्गत विमानात साधारणतः १५ किलो सामान नेऊ देतात आणि अमेरिकेच्या तिकिटावर बहुधा २३ किलोच्या दोन बॅगा चालतात, तेव्हा चटणी-मसाल्यासह भरलेल्या बॅगांचे जादा पैसे आपल्याच विमानतळावर मोजावे लागतील.

तिकडे उतरल्यावर इमिग्रेशन, सामान आणि सॅन होजेपर्यंतचा रस्ता मिळून तीन तास सहज जातात. मोटारीने मुंबई गाठल्यास एकंदर घर ते घर ३८ ते ४० तास धरून चाला. एक आग्रहाचे सांगणे: अमेरिकेत पहिले पाऊल सॅन फ्रान्सिस्कोलाच पडेल असेच तिकीट घ्या. न्यूयॉर्क किंवा शिकागोला विमान बदलायचे असेल तर इमिग्रेशन तेथेच होते, बॅगा पट्ट्यावरून उतरवून पुन्हा जमा कराव्या लागतात, आणि प्रथमच जाणाऱ्यांची तेथे तारांबळ उडते. व्हीलचेअरची मागणी तिकीट काढतानाच नोंदवावी. चालता येत असले तरीही नोंदवावी, कारण ती ढकलणारा माणूस बरोबर गेटपर्यंत सोडतो.

उड्डाणवेडा कागलकर

काकूंच्या हिशेबात एक भर. आता नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे, तेव्हा तिकिटावर बीओएम (सहार) आहे की एनएमआय (नवी मुंबई) हे वाचून मगच गाडी सांगावी. कोल्हापूरकडून जाताना नवी मुंबईचा विमानतळ पनवेलजवळच लागतो, तर सहारला अजून शहर ओलांडून जायचे असते. आणि तिकिटावरचा कालावधी गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतचा असतो, त्यात धावपट्टीपर्यंत रांगेत जाण्याची मिनिटेही धरलेली असतात. म्हणून वैमानिकाने घोषणेत १५ तास १० मिनिटे सांगितले आणि तिकिटावर १५ तास ५० मिनिटे असले तर घाबरण्याचे कारण नाही.

राजारामपुरीकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मास्तरांच्या सांगण्यावरून भाच्याच्या पृथ्वीगोलावर दोरा ताणून वडिलांना दाखवला. विमान सैबेरियावरून जाणार की काय या विचाराने त्यांनी आता स्वेटरची संख्या वाढवली आहे. एकाच ठिकाणी थांबणारे आणि थेट सॅन फ्रान्सिस्कोला उतरणारे तिकीट घेण्याचे ठरवले आहे, आणि मुंबईपर्यंत महालक्ष्मी. शेवटचे विचारतो: परतीचे विमान फेब्रुवारीत रविवारी रात्री ९ वाजता सॅन फ्रान्सिस्कोहून सुटते आणि एकूण कालावधी २० तास लिहिला आहे. मी सोमवारी सायंकाळी मुंबईत घ्यायला जावे, हे बरोबर ना?

साळोखेनगरच्या काकू

नाही. तेथे रविवारी रात्रीचे ९ वाजतात तेव्हा आपल्याकडे सोमवारचे सकाळचे साडेदहा झालेले असतात. त्यात २० तास मिळवले की मंगळवारी सकाळचे साडेसहा येतात. इमिग्रेशन आणि सामानाला तास-दीड तास धरा. म्हणजे सोमवारी रात्रीची महालक्ष्मी उपयोगाची नाही, ती सकाळी पोहोचेपर्यंत ते बाहेर येऊन उभे असतील. सोमवारी दुपारीच निघा, आणि गाडी सांगताना वार मंगळवार सांगा.